नजीरभाईंची नसरापूर गाडी

नजीरभाई कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. पडद्यावर अक्षरं उमटत, पुसली जात, कर्सर ओळीमागून ओळ खाली उतरत जाई आणि हा माणूस नदीकाठी बसल्यासारखा नुसता बघत राही. भोरमधल्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसात मी नवी होते. पहिल्या दिवशी मला वाटलं, मशीन झपाटलंय. मी घाबरून कीबोर्डकडे हात नेला तर म्हणाले, "हात लावू नका, ताई. चाललंय."

साल दोन हजारची साऱ्या जगाला धास्ती बसली होती, तेव्हाची ही गोष्ट. जुन्या प्रोग्रामांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. त्यांच्याआधी एकोणीस घालून साल पुरं करायचं, एवढंच काम. पुण्याहून एसटीनं फ्लॉप्या यायच्या आणि आम्ही ओळ न् ओळ दुरुस्त करायचो. म्हणजे मी करायचे. नजीरभाई एकच ओळ करत. हात कसे चालले, कुठे थबकले ते कॉम्प्युटरमधला एडिटर टिपून ठेवी आणि पुढच्या ओळींवर तसंच चालवी. ती नक्कल भलतीकडे जाऊ नये म्हणून तिच्यात मधे ते चार सूचना स्वतः लिहून टाकत. याला मॅक्रो म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते म्हणत 'गाडी'.

"येकच काम दोनदा हातानं करायचं म्हंजे लई कमीपणा हाय," असं त्यांचं मत. ऑफिसचं कुलूप लावतानाही ते उसासा टाकत. एकदा हनुवटीवर कापून घेऊन आले आणि म्हणाले, "दाढीची गाडी लिवता आली पायजे."

प्रत्येक गाडीला गावाचं नाव. चालू करून निवांत चहा पिऊन यावं ती कापूरहोळ. वळणं घेत कुठल्या कुठे जाई आणि नेमकी ठिकाणावर येई ती विंझर. आणि एक होती नसरापूर. तिचं सगळंच रखडलेलं. कर्सर सालापाशी येऊन घुटमळे. एकोणीसच्या जागी एक्क्याण्णव उमटे. मग जरा शांतता. मग ते खोडलं जाई, एकोणीस येई आणि गाडी खालच्या ओळीला लागे. तिथे पुन्हा एक्क्याण्णव! दुपारी खिडकीतून मंद झुळूक येई, पंखा कुरकुरे आणि ही चूक संथपणे ओळीओळीनं उतरत राही. बघता बघता माझ्याही डोळ्यांवर झापड येई.

मी नसरापूरची. मला राग यायचा.

"भाई, आमच्या गावाचं नाव हिलाच बरं दिलंत!"

"गाव चांगलं हाय म्हनून दिलं."

एका शनिवारी मालक पुण्याहून आले आणि नजीरभाईंच्या मागे उभे राहिले. दोन एक्क्याण्णव होईपर्यंत त्यांनी कळ काढली. मग माझ्याकडे वळले. "ताई, ही गाडी आजच साफ करा. चूक काढा, थांबे काढा. पुण्याची माणसं चौकशी करतायत, काम दुसरीकडे जाईल." आणि ते चहाला गेले.

नजीरभाईंचा चेहरा उतरला. मांड्यांखालचे हात बाहेर आले.

"ताई, बाकीच्या समद्या घ्या. हिला तेवढी ऱ्हाऊ द्या."

"अहो, दर ओळीला चुकते ती!"

"व्हय," ते म्हणाले, आणि त्या 'व्हय'मध्ये इतका आनंद होता की मी बघतच राहिले.

तेवढ्यात रोजच्यासारखा डबा घेऊन भाभी आल्या. नजीरभाईंची बायको. संधिवातानं त्यांची बोटं आखडली होती, म्हणून डबा कोपरात अडकवून आणत आणि नजीरभाई तो उघडत. पडद्यावर नसरापूर चालूच होती. भाभी स्टुलावर टेकल्या, एक्क्याण्णव उमटलं, आणि त्या हसल्या.

"अजून चुकतेच म्हना मी!"

मला कळेना. माझ्या खुर्चीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "हितं मी बसायचे, ताई, तुमच्या आधी. बोटं चालंनाशी झाली तवा सोडलं. शेवटी यांनी माज्याकडनं येक ओळ करून घेतली आन् ठेवली तशीच. वर नाव दिलं माज्या म्हायेरचं."

रोज दुपारी डब्याच्या वेळीच नसरापूर का सुटते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नसरापूरला मी हात लावला नाही. नवी गाडी लिहिली. ती न चुकता, न थांबता धडाधड सुटे. तिचं नाव 'मालक' ठेवलं. मालक खूश झाले, नाव मात्र आम्ही त्यांना सांगितलं नाही.

सोमवारपासून सगळं काम 'मालक'नं उरकू लागलं. नजीरभाई रोज थोड्या ओळी तेवढ्या नसरापूरसाठी बाजूला ठेवत. दुपारी डबा आला, भाभी स्टुलावर बसल्या, नसरापूर निघाली. एक्क्याण्णव उमटलं आणि कर्सर थबकला.

"चुकले," भाभी म्हणाल्या.

"खोडशील की," नजीरभाई म्हणाले.

पडद्यावर भाभींनी खोडलं. मीही माझे हात मांड्यांखाली घेतले आणि बघत बसले.