भानुदासच्या बग्गीचा बिरीक

"इमानाला नसंल असला बिरीक बनिवलाय म्या!" कळंबच्या चहाच्या टपरीवर भानुदासनं जाहीर केलं. इमान त्यानं आजवर फक्त मान वर करूनच बघितलेलं!

वरातीची त्याची बग्गी आणि शेवंता घोडी, दोघी पंचक्रोशीत नावाजलेल्या. सपाटीला दोघींचं बरं जमायचं. उतार लागला की बग्गी मागून ढुशी द्यायची आणि शेवंता बिथरायची. म्हणून भानुदासनं चाकावर दाबून बसेल असा लाकडी ठोकळा केला, त्याला टायरचा तुकडा ठोकला आणि ओढायचा दांडा काढला मागच्या सीटपाशी. पुढं जागाच नव्हती!

पहिलंच लग्न वडगाव निंबाळकरला. कार्यालय कालव्याचा पूल ओलांडून, उताराच्या तळाशी. मागच्या सीटवर नवरदेव अविराज आणि त्याची मावशी प्रयागबाई.

"मावशी, पुलावनं उतरताना मी 'वढा' म्हनलं की ह्यो दांडा वढायचा. बास!"

"आरं, बैलं हाकल्यात म्या! तू नुसतं म्हन."

पुलावर बँजोवाले असे पेटले की कालव्याचं पाणी थरथरलं. उतार लागला, बग्गीनं ढुशी दिली, शेवंतानं कान पाडले आणि सुटली!

"वढा!" भानुदास ओरडला. "मावशी, वढा!"

"आगं आई! उडा म्हनतोय!" प्रयागबाईंनी कासोटा घट्ट खोचला. "अविराज, उडी मार!"

रस्त्याकडेला कडब्याची गंज होती. आधी मावशी गेली, मागोमाग नवरदेव!

भानुदासला मागं बघायला सवड कुठली? लगाम खेचून खेचून त्याचे हात खांद्यातून निखळायला आले होते. कार्यालयाच्या दारात केळीचे खांब दिसले तशी शेवंता आपसूक थांबली आणि पानं खायला लागली.

नवरीची आई ज्योत्स्नाबाई ओवाळायचं ताट घेऊन पुढं आल्या आणि जागीच थबकल्या. सीटवर नुसता फेटा!

"भानुदासराव, नवरदेव कुठाय?"

भानुदासनं वळून पाहिलं. "हितंच हुता की!"

झालं! नवरदेव पळाल्याची बातमी थेट भटारखान्यात गेली. आचाऱ्यानं कढईतली जिलेबी तशीच सोडली. नवरीचे मामा बाह्या सरसावून आले. "खरं बोल, कुठं उतरवलास त्याला?" नवरी निकिता तर रडायच्याच बेतात.

तेवढ्यात अंगभर कडबा घेऊन अविराज लंगडत आला. मागं प्रयागबाई, बँजोवाल्यांना शिव्या घालत!

निकितानं विचारलं, "पळून गेला हुता व्हय?"

"न्हाय गं. उडालो!"

निकिताला असं हसू फुटलं की अक्षता पडेपर्यंत थांबेना.

जेवणं झाल्यावर मामांनी भानुदासला डिवचलं, "आरं, पन त्यो बिरीक चालतो तरी का?"

भानुदासनं सगळा जोर लावून दांडा ओढला. कर्रर्र! चाक जाम! ते परत फिरेच ना. शेवंतानं ओढलं, वऱ्हाडानं ढकललं, मामांनी लाथ घालून अंगठा सुजवून घेतला. नवरी-नवरा शेवटी जीपनं गेले.

संध्याकाळी उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बग्गी आणि बग्गीत भानुदास, अशी वरात कळंबला निघाली. शेवंता मागून मोकळीच, मान डोलवत.

ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काय भानुदासराव, कसा काय बिरीक?"

"एक नंबर!" भानुदास म्हणाला. "फकस्त सोडत न्हाय."