विश्राम तांडेल यांचे कागद आणि जळालेले रीळ

श्रीवाग्देवतेस नमन असो. लिहिणार अल्पमती, उणे दिसेल ते वाचणारांनी पोटात घालावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

त्या राज्यात विश्राम तांडेल म्हणोन चित्रपटकर्ते होऊन गेले. दरबारची परवानगी न घेता चित्रपट करीत, आणि गोदामांत, गुरांच्या गोठ्यांत चादर बांधोन लोकांस दाखवीत. आपल्या देहाचेही खेळ करीत. एकदा भर बाजारात अंगास ओली माती थापोन, ती उन्हाने तडकेपर्यंत उभे राहिले, आणि लोक हसले, आणि मग हसता हसता गप्प जाहले. पुढे धरणात बुडालेल्या गावाचा चित्रपट त्यांनी केला. तो कोणी पाहण्याआधीच कोतवालीचे हवालदार नागोजी वाघमोडे झडतीस आले, आणि अंगणात रिळाची राख मिळाली. हवालदाराने जाळिले ऐसी बोलवा उठली. विश्रामजी होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग त्यांचा लौकिक चहूकडे जाहला, आणि नागोजींच्या दारावर लोकांनी काळे फासिले, आणि त्यांच्या लेकीचे ठरलेले लग्न मोडले.

तीस वर्षांनी विश्रामजी वारले. त्यांचा कॅमेरा वीस वर्षे धरणाऱ्या गोदूताई कर्णिक यांनी त्यांचे लिखाण ग्रंथ छापण्यासाठी गोळा केले. हस्तपत्रिकांच्या पाठीवर, औषधांच्या वेष्टनांवर लिहिलेले, ते सारे लावीत असता एक पान निघाले, त्यात लिहिले होते, "रीळ मीच जाळिले. चित्रपट जमला नव्हता, आणि लोक पाहतील याचे भय वाटले. हवालदार मागाहून आले. लोक त्यांचे नाव घेऊ लागले, ते मज गोड लागले."

गोदूताई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग स्मारक मंडळाचे प्रमुख दिनकरराव यांस पान दाखविले. ते म्हणाले, "बाई, हे गहाळ करा. त्या राखेची शपथ घेऊन पोरे दरबाराविरुद्ध उठली, तुरुंगात गेली आहेत."

गोदूताई म्हणाल्या, "पोरांची शाबासकी मी काढून घेत नाही. पण वाघमोड्यांचे काय?"

"एका हवालदाराचे काय घेऊन बसलात?"

यावर गोदूताई उठल्या आणि नागोजींचे घर विचारीत गेल्या. नागोजी ऐंशी वर्षांचे, ओसरीवर शेंगा निवडीत होते. गोदूताईंनी पान वाचिले. नागोजींचे हात थांबले. बोलिले, "छापणार?"

"छापणार."

"मग आधी माझ्या लेकीस वाचून दाखवा. मी सांगितले ते तिने कधी खरे मानिले नाही."

लेक शकुंतला आतून आली, तिचेही केस पांढरे जाहले होते. गोदूताईंनी पान पुन्हा वाचिले. ती बापाच्या शेजारी भुईवर बसली आणि सुपातल्या शेंगा निवडू लागली.

पुढे ग्रंथ सिद्ध जाहला, पान जागच्या जागी राहिले, आणि मंडळाने ग्रंथावरून आपले नाव काढून घेतले. विश्रामजींस कोणी लबाड म्हणाले, कोणी प्रथमच आपला माणूस म्हणाले. तात्पर्य, त्यांनी आपले भय लिहून ठेविले, गोदूताईंनी ते झाकिले नाही, आणि वाघमोड्यांच्या घरी बाप-लेक एका सुपाशी बसली. इतके खरे जाहले, म्हणोन लिहिले.