पान दाराखालून सरकवावे

माणसानं घरात जपून बोलावं, आणि मेहुणा जेवायला आलेला असताना तर बोलूच नये. मी त्या रविवारी एवढंच म्हणालो, "हल्ली काही सुचतच नाही बुवा." एवढंच! भाजीत मीठ कमी आहे असं म्हणालो असतो तरी चाललं असतं. फार तर बायको रुसली असती. पण नाही.

आधी माझी ओळख करून देतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. नळ गळतो, पाइप फुटला, पाणी येत नाही, नको तिथे येतं, अशा सगळ्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात आणि त्यांना उत्तरं लिहिणं हे माझं काम. ('आपली तक्रार प्राप्त झाली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' यातलं कार्यवाही म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.) पण फार पूर्वी माझी एक कथा एका मासिकात छापून आली होती. तेव्हापासून ऑफिसात मला सगळे 'लेखक' म्हणतात. "लेखक, स्टेपलर आहे का?" असं.

तर त्याच मासिकाच्या संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, "दरवर्षी वार्षिक अंकात तुमच्यासाठी जागा ठेवतो आणि दरवर्षी शेवटी तिथे मलमाची जाहिरात टाकावी लागते. यंदा महिनाअखेर कथा आली नाही, तर तुमचं नाव यादीतून काढतो. राग मानू नका."

राग कसला, मला रडूच यायचं राहिलं. ते नाव गेलं म्हणजे माझ्याकडे उरतो तो नुसता स्टेपलर.

"भावोजी," मेहुणा हात धुऊन येत म्हणाला, "सुचण्याबिचण्याचा काही संबंध नसतो. सवय लावायची. रोज सकाळी ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसायचं आणि पान भरल्याशिवाय उठायचं नाही. झालं!" (या मनुष्यानं व्यायामाची सवय लावायला घरात सायकल आणली आहे. तिच्यावर टॉवेल छान वाळतात.)

"खरंच करा हो," बायको म्हणाली. "लिखाण बंद पडल्यापासून तुम्ही घरभर नुसते उसासे टाकत फिरता. पंख्याकडे बघून सुद्धा उसासा! मला नाही बघवत."

"पण हे मधेच उठले तर?" मेहुण्यानं शंका काढली.

बायकोनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बाहेरून कडी."

मी हसलो. ते दोघं हसले नाहीत.

स्वयंपाकघरामागे आमची अडगळीची खोली आहे. आत जुन्या गाद्या, एक ट्रंक, पंख नसलेला टेबलफॅन आणि भिंतीवरून गेलेला पाण्याचा पाइप. उंबरा चांगला उंच. दाराची आतली कडी कधीच निखळलेली, बाहेरची मात्र ठणठणीत. ट्रंकेवर कागद ठेवून मी गादीवर बसायचं आणि बायकोनं बाहेर स्टूल टाकून पहारा द्यायचा, असं ठरलं. पान भरलं की दाराखालच्या फटीतून सरकवायचं, मग सुटका. फोन तिच्याकडे.

पहिल्या सकाळी मोठ्या उमेदीनं बसलो. प्रेमकथा लिहायची ठरवलं होतं. पेन टेकवलं आणि कागदावर उमटलं ते असं : 'विषय : नायक नायिकेच्या प्रेमात पडल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की...'

खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं. पुन्हा 'महोदया'! इतकी वर्षं एकाच वळणानं लिहून हात असा पक्का झाला होता, की नायिका चिडली तरी 'नाराजी व्यक्त करण्यात आली' असंच यायचं. मी घाबरलो आणि आतून ओरडलो, "अगं, छातीत काहीतरी होतंय!"

बिचारीनं घाबरून कडी काढली. मी बाहेर येऊन चहा प्यायलो. छाती लगेच बरी झाली.

दुसऱ्या दिवशी मला गॅसचा वास आला. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आल्याचा भास झाला. त्यानंतर मला आत साप दिसला. (तो टेबलफॅनची वायर होता.) शेवटी बायको स्टुलावर बसून रडायलाच लागली. "तुमच्याच भल्यासाठी करतेय ना हो मी? आणि तुम्ही मलाच फसवता!"

मला स्वतःची फार लाज वाटली. लाज वाटली की मी फार शूर होतो. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "उद्यापासून तू कानात कापूस घाल. मी काहीही ओरडलो, तरी उघडू नकोस. पान आलं तरच उघड, आणि तेही तासाच्या आत नाही!"

"आणि पानावर काय लिहिलंय ते बघायचं का?"

"छे! अर्धवट लिखाण कुणी वाचलं की त्यातला जीव जातो. नुसतं फाइलला लाव."

हे नियम माझे, हे कृपया ध्यानात ठेवा.

मग मात्र सवय लागली. म्हणजे आत बसायची. सुचत काहीच नव्हतं, पण पान भरायचं म्हणून मी 'काही सुचत नाही, काही सुचत नाही' असं वरपासून खालपर्यंत लिहून फटीतून सरकवत होतो. ही ते मोठ्या मायेनं फाइलला लावत होती. मात्र तिच्यात काहीतरी फरक पडला होता. दूध उतू जाऊ लागलं. चहात साखर पडेना, पडली तर दोनदा. मी काही विचारलं की ही "हूं" म्हणायची आणि भिंतीकडे बघून एकटीच हसायची. माझ्या काळजीनं बिचारीचं चित्त ठिकाणावर नाही, असं मला वाटलं. मी तिच्या पाठीवरून हात सुद्धा फिरवला. ती दचकली.

असं करता करता महिनाअखेर आली. कथा आजच्या आज पाठवायची आणि माझ्याजवळ कथेचा क सुद्धा नव्हता. आत बसून मी डोकं खाजवलं, पेनचं टोपण चावलं आणि विचाराला जोर यावा म्हणून मागे रेलून पाय भिंतीवर टेकवले. भिंतीवर म्हणजे पाइपवर. विचाराला आला नाही, पण पाइपला जोर आला. खटकन आवाज झाला आणि पाण्याची जाड धार थेट माझ्या तोंडावर!

"अगं, दार उघड! पाइप फुटला!" मी बोंब मारली.

बाहेर शांतता. कापूस उत्तम प्रतीचा होता.

दार बडवलं, हाका मारल्या, चक्क देवाचा धावा केला. काही नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की पान सरकवायला हवं! ट्रंकेवरचा कागद ओढला आणि लिहायला लागलो. काय लिहावं मी? 'अगं, वाचव' असं लिहावं की नाही? पण हात तो हातच. 'विषय : अडगळीच्या खोलीत पाणी शिरल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, पाणी घोट्यापर्यंत आलेले असून दार तत्काळ उघडण्यात यावे. आपला नम्र, (आत अडकलेला).'

फटीतून सरकवलं. बाहेरून ते ओढलं गेलं. आवाज आला, "हूं." आणि फाइलचा चाप खट्टकन मिटला.

वाचायचं नाही, तासाआधी उघडायचं नाही! नियम माझेच!

मी दुसरं पान लिहिलं, 'स्मरणपत्र' म्हणून. मग तिसरं, 'अंतिम स्मरणपत्र'. गादी तरंगायला लागली. पाणी उंबऱ्यावरून बाहेर जाऊ लागलं तशी मला आशा वाटली. खाली वाकून फटीतून पाहिलं, तर समोर हिचे पाय. पाणी हळूहळू तिथे गेलं, बोटांना लागलं. मी म्हटलं, आता उठेल.

पाय वर गेले. स्टुलाच्या दांडीवर टेकले आणि तिथेच राहिले.

शेवटी मला वाचवलं ते खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी. त्यांच्या छतातून गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर गळायला लागलं, तसे ते तावातावानं वर आले. त्यांचं बोलणं मला आतून स्पष्ट ऐकू येत होतं.

"वहिनी! अहो वहिनी! कान उघडा आधी! मिस्टर कुठायत?"

"आत लिहितायत. हळू बोला ना काका. आज फार रंगात आलेत, पानामागून पान येतंय!"

"आणि हे पाणी?"

"कुठलं पा... अगं बाई!"

कडी निघाली आणि मी, गादी आणि पंख नसलेला टेबलफॅन असे तिघं एकदमच स्वयंपाकघरात आलो. बायकोनं मला मिठी मारली आणि हमसून रडत म्हणाली, "अहो, एवढं झालं तर ओरडायचं नाही का!"

तिच्या हातात पेन होतं आणि कमरेला कागदांची गुंडाळी खोचलेली होती. माणूस एवढा बुडता बुडता वाचला, की बायकोच्या हातात पेन का, हे त्याला विचारावंसं वाटत नाही.

संध्याकाळी मी अंगावर पांघरूण घेऊन शिंकत पडलो होतो. ही म्हणाली, "आज शेवटचा दिवस ना? फाइलीतली पानं पाकिटात घालून पाठवते. आणि... थोडं माझंही घालू का त्यात?"

"घाल, घाल," मी शिंकेच्या तयारीत म्हणालो. "काय घालायचं ते घाल." सगळं संपलंच होतं. माझ्या नावाच्या जागी मला मलम दिसत होतं.

आणि पुढच्या आठवड्यात, काय सांगू, संपादकांचा फोन! "अहो, कथा अप्रतिम! खोलीत अडकलेला माणूस, बाहेर त्याची बायको... हसून हसून पुरेवाट! भाषा तर किती सहज! हे जमलं कसं?"

माझा गोंधळ उडाला. 'अंतिम स्मरणपत्रा'त एवढं होतं तरी काय? पण स्तुती करणाऱ्या माणसाला अडवायचं नसतं. मी म्हणालो, "सवय. रोजची सवय."

"वहिनींना लगेच सांगा हं!"

"सांगतो ना. तिला आनंदच होईल."

तिला सांगायच्या आधी मी ऑफिसात सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना जमवून चहा मागवला आणि छोटंसं भाषण केलं. अंक आला तेव्हाही तो साहेबांनीच उघडला. कथेचं नाव 'कडी'. त्याखाली माझ्या बायकोचं नाव.

"हे तर वहिनींचं नाव," साहेब म्हणाले.

"टोपणनाव घेतलं असेल," कुणीतरी म्हणालं.

मी मान डोलावली. (मानेचं काय, ती कशालाही डोलते.)

घरी जाऊन अंक तिच्यापुढे ठेवला. "हे काय?"

"तुम्हीच म्हणालात घाल म्हणून," ती म्हणाली. "तास तास स्टुलावर बसून मी करणार काय? उठावं तर तुमचं पान कधी येईल त्याचा नेम नाही. कानात कापूस. मग रोज थोडं थोडं लिहीत गेले. मला वाटलं, तुमचंही छापतील, माझंही छापतील."

खरं सांगतो, मला आधी राग आला. मग मी कथा वाचली आणि मोठ्यानं हसलो. मग हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, पहिल्या कथेच्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत होतो तशी, की मी म्हणालो, "चांगली झालीये गं. फार चांगली झालीये." ती इतकी हसली, की दूध उतू गेलं.

"आणि माझी पानं?" मी विचारलं.

"पाठवली होती की. काय झालं त्यांचं कोण जाणे."

त्यांचं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि पाणी पडून सुरकुतलेले, शाई फुटलेले काही कागद माझ्यापुढे टाकले. वर टाचणीनं लावलेली संपादकांची चिठ्ठी : 'आपल्या खात्याकडील ही तक्रार नजरचुकीने आमच्याकडे आली असावी. गृहस्थ संकटात दिसतात. कृपया लक्ष घालावे.'

"कोण आहे कुणास ठाऊक," साहेब म्हणाले. "नाव नाही, पत्ता नाही. पण मासिकवाल्यांकडून आलंय, उत्तर त्यांच्यामार्फत जायलाच हवं. तुम्हीच लिहा, लेखक. तुमच्यासारखी भाषा सगळ्यांना कुठे असते?"

मी टेबलाशी येऊन बसलो. 'आपली तक्रार प्राप्त झाली असून' इथून जो सुटलो तो पेन एकदाही अडलं नाही. पान संपलं तेव्हा सवयीनं मी ते सरकवायला दार शोधत होतो. मग सहीसाठी कागद एकत्र लावताना अर्जाच्या कोपऱ्यात साहेबांनी लाल शाईनं मारलेला शेरा दिसला :

'अर्जदारास लिहिण्याची सवय नसावी. समजून घ्यावे.'