सूर्यभानभाऊंचा डबा

आमचे शेजारी सूर्यभानभाऊ कोणाला "कसं काय?" असं विचारत नसत. "करंट किती?" असं विचारत. सारी नोकरी कापसाच्या जिनात फिटर म्हणून झालेली, त्यामुळे त्यांच्या लेखी माणूस म्हणजे हातपाय असलेलं यंत्र. भांडणाऱ्या बायकांना ते ओट्यावरून सांगत, "हळू बोला वो बाई. सांजच्या सैपाकापुरता तरी करंट राहू द्या."

लढाईच्या त्या दिवसांत रिठदमध्ये रेडिओ एकट्या त्यांच्याकडे होता. गावात वीज नव्हती. मोटारीत असते तसल्या जड बॅटरीवर तो चाले. भाऊ तिला 'डबा' म्हणत. डबा उतरला की गोधडीत गुंडाळून बैलगाडीनं वाशीमला नेत आणि भरून आणत. येताना गाडीवानाला ताकीद असे, "हळू हाक. पोटुशी हाये ते."

गाणं रंगात आलं की भाऊ रेडिओ बंद करत. "बस! करंट काय झाडाले लागते?" सारं गाव त्यांना चिक्कू म्हणे. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणे. मी तर तिकडे जाणंच सोडलं होतं.

माझी सुशीला पहिल्या बाळंतपणाला आली होती. रात्रभर कळा देऊन पोरगी पांढरी पडली, तेव्हा सुईण म्हणाली, "माह्या हातचं नाही हे. वाशीमले न्या, लवकर." आमची जुनी मोटार दारात होती, पण बॅटरी मेलेली. ड्रायव्हर करीमभाईनं हँडल मारून मारून खांदा दुखवून घेतला. ढकलावी तर चाकं चिखलात रुतलेली.

"बाई, सूर्यभानभाऊची बॅटरी भेटली तं दोन तारा जोडून चालू करतो," करीमभाई म्हणाला.

पुरतं उजाडलंही नव्हतं. मी गड्याला बॅटरी आणायला धाडलं. तो टॉर्च घेऊन परत आला! वर भाऊंचा निरोप, "जपून वापरा म्हना. मसाला नवा हाये."

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यातल्या सेलांना मसाला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी तरातरा त्यांच्या ओट्यावर गेले आणि चार माणसांसमोर ओरडले, "माही लेक मरून राह्यली अन् तुमाले मस्करी सुचते? डब्यापरीस मानूस सस्तं झालं का?"

भाऊ उठून उभे राहिले. "बॅटरी म्हन्जे डबा होय, वहिनी?" एवढंच म्हणाले. आत गेले, रेडिओच्या तारा सोडल्या आणि डबा पोटाशी धरून चिखलातून स्वतः घेऊन आले. करीमभाईनं तारा जोडल्या. मोटार खोकली, थरथरली आणि चालू झाली.

डबा परत द्यायला गेले तर भाऊंनी तो उलट गाडीत ठेवला. "वाटेत बंद पडली तं? संगं न्या."

दिवस मावळायच्या आत सुशीला सुटली. मुलगी झाली. दोघी जिवंत. दवाखान्याच्या ओसरीवर मी पहिल्यांदा पाणी प्याले, तेव्हा करीमभाई हळूच म्हणाला, "बाई, आज शुक्करवार. फौजेतल्या पोरायचे निरोप येतात रेडिओवर. भाऊ तेवढ्यासाठीच करंट वाचवते. चार महिने झाले, त्याईच्या शंकरची चिठ्ठी नाही."

भाऊंचा मुलगा शंकर फौजेत आहे हे मला ठाऊक होतं. चिठ्ठी येते का, हे मी शेजारी राहून कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डबा भरून घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चार माणसांसमोर ओरडले होते, माफीही चार माणसांसमोर मागायची असं ठरवलं होतं. ओट्यावर माणसं होती. भाऊ खाली बसून तारा जोडू लागले.

"पोरगी कशी हाये?"

"बरी हाये. भाऊ, तुमचा तो शुक्करवारचा निरोप..."

"तो होय?" त्यांनी मान वर केली नाही. "बोलला असन शंकर. आपन आयकलं नाही म्हनून काय तो बोलला नसन?"

"बोललाच असन," मी म्हणाले.

माफी मागायला गेलेली बाई तेवढंच बोलली आणि घरी आली.