गायब प्रिंटरचं गरम प्रकरण

"जे कोणाले दिसत नाई, ते या पोराले दिसन!"

कौंडण्यपूरच्या जत्रेत कुडमुडं वाजवत एका जोश्यानं लहानपणी सांगितलेलं हे भविष्य भगवंतरावांच्या कानात अजून घुमत होतं. तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर त्यांनी अमरावतीत 'घारनजर तपास केंद्र' उघडलं. वऱ्हाडातला सर्वांत तल्लख मेंदू आपलाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वऱ्हाडाला कळायचं तेवढं बाकी होतं. केंद्रातली एकुलती सहायक म्हणजे भाची हर्षा. तिला सगळ्यांना दिसतं तेवढंच दिसायचं, म्हणून मामांना तिची कीव यायची.

आज दोघं अकोल्याच्या एका जिनिंग संस्थेच्या ऑफिसात घामानं निथळत उभे होते. वैशाखातलं ऊन असं, की डांबरानंही सावली शोधावी. कोपऱ्यात जुना प्रिंटर ओरडत होता, चर्र, खर्र, चर्र. जात्यात कुणी खिळे दळावेत तसा.

"नवा प्रिंटर होळीले आला अन् खोकं फोडायच्या आधीच गायब!" मॅनेजर धांडेसाहेब म्हणाले. "भांडार या साधनाबाईंकडं. संध्याकाळपर्यंत सापडला नाई, तं बाई सस्पेंड!"

साधनाबाईंनी मान खाली घातली. घरात कमावत्या त्याच एकट्या, हे शेजारच्या टेबलावरच्या अनुपनं हर्षाच्या कानात सांगितलं.

भगवंतरावांनी झटकन अनुपचा हात धरला. "बोटं काळी! चोर सापडला!"

"मामा, जुन्या प्रिंटरच्या रिबिनीची शाई हाय ते. सगळ्याइचीच काळी हायत."

"म्हणजे टोळी आहे!" भगवंतराव डगमगले नाहीत. त्यांनी जुन्या प्रिंटरला कान लावला. "ऐक. चर्र, खर्र, मग शांतता. हा सांकेतिक संदेश आहे. म्हणून तर हे जुनं यंत्र कुणी हलू देत नाही!"

"कागद अडकला जी," अनुप म्हणाला.

एवढं तर्कशास्त्र उन्हात चालवल्यावर माणूस तापणारच. भगवंतराव कुलरपुढे जाऊन उभे राहिले आणि त्याची जाळी धरली.

"कुलरले हात नका लावू!" अख्खं ऑफिस एका सुरात ओरडलं.

भगवंतरावांचे डोळे चमकले. "अस्सं! म्हणजे पुरावा पाण्यात बुडवलाय!" त्यांनी कोपरापर्यंत हात टाकीत घातला. हाती लागला वाळ्याचा भिजका झुबका. तो विजयानं उंचावताना निम्मं पाणी कुलरखाली पडद्यासारख्या लावलेल्या चादरीवर सांडलं.

"अरे देवा," म्हणत हर्षानं ती चादर पिळायला ओढली. आत कुलरखाली एक फळी होती, फळीखाली खोकं आणि खोक्यावर उलटी अक्षरं: 'ही बाजू वर'.

"मामा, प्रिंटर!"

"मी हेच म्हणणार होतो," मामा म्हणाले.

"हे इथं कोणी ठेवलं?" साहेब गरजले. सगळे छताकडं पाहू लागले.

"साधनाताई, आता तरी सांगा ना," अनुप पुटपुटला. "आमच्यापायी तुमी काहून मरता?"

साधनाबाईंनी पदर सावरला. "तुमीच सांगतलं होतं, साहेब."

"मी?"

"पाडव्याले तुमी म्हणाले, हवा गुडघ्याले लागून राहिली, खाली काई बी लावा, पण हवा माह्या टकलावर आली पाह्यजे. तेवढ्या उंचीचं हे एकच खोकं होतं."

साहेबांचा हात आपोआप टकलावर गेला. "मंग एवढे दिवस बोलल्या काहून नाई?"

"हे सारे माह्या पाया पडले, साहेब. म्हणे, ताई, मिरगाचा पाऊस लागेपर्यंत कळ काढा. कसं सांगू?" साधनाबाईंनी पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. "नवा प्रिंटर नसला तं आमचं चालते. तुमचं डोकं तापलं, तं नाई चालत."