लहरीचा आगाऊ तपशील

सार्वजनिक जागी वाद्य वाजवू इच्छिणाऱ्याने काय वाजवणार, किती वेळ वाजवणार आणि कोणत्या क्रमाने वाजवणार, हे पंधरा दिवस आधी लेखी कळवावे, असा रत्नागिरीत नियम होता. तो कोणालाच जाचत नव्हता. नमनवाले गण, गवळण आणि वग लिहून देत, बॅण्डवाले वरातीचं गाणं लिहून देत, आणि कचेरीतल्या सार्वजनिक करमणूक व किरकोळ उपद्रव शाखेचा शिक्का घेऊन सुखाने घरी जात. छप्पन सालच्या मार्गशीर्षात राजिवड्याच्या गनी मुकादमने अर्जात ‘कॅप्रिचिओ’ एवढाच शब्द लिहिला आणि क्रमाच्या रकान्यात लिहिलं, ‘मनाला येईल तसा.’

गनीची तीस वर्षं आगबोटीवर गेली होती. बोटीवरच्या बॅण्डातल्या एका म्हाताऱ्या इटालियनाने त्याला क्लॅरिओनेट शिकवली आणि सगळ्यात शेवटी हे कॅप्रिचिओ शिकवलं. शिकवलं म्हणजे, एक सूर धरून निघायचं आणि पुढे मन नेईल तिकडे जायचं, एवढंच सांगितलं. मधेच उडी मारायची, माघारी फिरायचं, ऐकणाऱ्याची थट्टा करायची आणि भलत्याच जागी थांबायचं. रत्नागिरीत परतल्यावर गनीने शेकडो वराती वाजवल्या, पण हे वाजवायला कोणी सांगितलं नाही. आता त्याचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. आंब्याच्या मोसमापर्यंत टिकतील, असं दातांचे डॉक्टर म्हणाले. दात पडले की क्लॅरिओनेट कायमची खुंटीला लागणार होती. त्याआधी एकदा मांडवीच्या वाळूवर, आपल्या माणसांत, कॅप्रिचिओ वाजवायचं, एवढी एकच इच्छा त्याने धरली होती. दात जपायचे म्हणून त्याने भाकरी सोडली, तळलेली मासळी सोडली आणि पेजेवर राहू लागला.

शाखेचे अव्वल कारकून आत्माराम भिकाजी साळवी हे काही वाईट माणूस नव्हते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही गोष्ट मनाला येईल तशी केली नव्हती, इतकंच. चहासुद्धा ते तलफ आली म्हणून घेत नसत, चार वाजले म्हणून घेत.

“गनीभाई, मनाला नेमकं काय येणार हो?” त्यांनी विचारलं.

“ता आल्यावर कळेल, भाऊसाहेब.”

“अंदाजे?”

“आदी कळलां तर ती लहर कसली?”

साळव्यांनी ‘लहर’ हा शब्द टिपून घेतला आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने एक पुरवणी फॉर्म आखला. ‘लहरीचा आगाऊ तपशील’ असं त्याचं नाव होतं. लहरीचा अनुक्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, येण्याचे कारण, आणि लहर न आल्यास पर्यायी व्यवस्था, असे त्यात पाच रकाने होते. गनीने तो घरी नेला. त्याची बायको हफीजा म्हणाली की लिवा काय पन, कोन बगतां? तेव्हा त्याने अकरा लहरी लिहून दिल्या. पर्यायी व्यवस्थेच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी ‘वरातीचे गाणे’ असं लिहिलं.

इथे प्रकरण मिटायचं, पण साळवी कर्तव्यदक्ष होते. रविवारी ते नगर वाचनालयात गेले आणि जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश उघडून बसले. कॅप्रिचिओ म्हणजे आगाऊ न ठरवलेली, मुक्त रचना, असं तिथे छापलेलं होतं. सोमवारी त्यांनी गनीला बोलावून अडचण समजावली. यादीप्रमाणे वाजवलं तर ते कॅप्रिचिओ होत नाही, म्हणजे भलत्याच नावाखाली जनतेची फसवणूक होते. यादी सोडून वाजवलं तर कॅप्रिचिओ होतं, पण परवान्याचा भंग होतो. दोन्हीकडून गुन्हाच घडत असल्यामुळे तूर्त परवाना देता येत नाही आणि हे सगळं अर्जदाराच्याच हिताचं आहे, असं ते कळकळीने म्हणाले.

ज्ञानकोशात आणखीही मजकूर होता. चित्रकलेत कॅप्रिचिओ म्हणजे खऱ्या इमारती काल्पनिक जागी मांडलेलं चित्र. साहित्यात म्हणजे लेखणी नेईल तिकडे भटकणारं लेखन. आणि या शब्दाचा संबंध काही लोक बकरीच्या उडीशी जोडतात. साळव्यांनी कागदांच्या तीन नकला काढल्या आणि ज्या त्या खात्याचा अभिप्राय मागवला.

बांधकामाचे ओव्हरसियर साखळी घेऊन मांडवीवर गेले, दिवसभर वाळू मोजली आणि लिहून कळवलं, ‘सदर काल्पनिक जागी एकही इमारत आढळून आली नाही. पाडली असल्यास कोणाच्या हुकमाने, याचा खुलासा व्हावा.’ शिक्षणाच्या इन्स्पेक्टरांनी विचारलं की सदर भटके लेखन कोणत्या इयत्तेस लावण्याचे योजिले आहे, आणि परीक्षेत त्यावर किती गुणांचा प्रश्न येईल. गुरांच्या दवाखान्याने तर एकाच ओळीत काम उरकलं, ‘जनावर तपासणीस हजर केलेले नाही.’

गनीने शेजारच्या चिमाची बकरी मागून आणली, दोरीला धरून दवाखान्यात नेली आणि डॉक्टरांसमोर तिला उडी मारायला लावली. डॉक्टरांनी दाखला दिला, ‘बकरी निरोगी. उडी सर्वसाधारण.’ हा दाखला गनीने कचेरीत दिला तेव्हा साळव्यांना मनापासून आनंद झाला. महिनाभरात फायलीतला हा पहिलाच स्पष्ट कागद होता.

पौष गेला, माघ गेला. शिमग्यात सगळं गाव पुरणपोळी खात होतं आणि गनी पेज पीत होता. उजवा दात आता पेटीच्या पट्टीसारखा जिभेने खालीवर होत होता. शिमगा संपल्यावर गनी कचेरीत गेला. तो चिडला नाही. साळव्यांच्या टेबलाशी वाकून त्याने तोंड उघडलं आणि बोटाने दात हलवून दाखवला.

“ह्याला पंदरा दिवसांची नोटीस नाय देता येत, भाऊसाहेब.”

साळवी बराच वेळ त्या तोंडात बघत राहिले. बावीस वर्षांत त्यांच्यापुढे अर्ज पुष्कळ आले होते, अर्जदाराचं तोंड असं कधी आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते नियमांचं पुस्तक घेऊन सकाळीच येऊन बसले आणि दुपारी त्यांना वाट सापडली. लहर आगाऊ कळत नसेल, तर ती येईल तेव्हाच मंजूर करायची. मंजुरी देणारा अधिकारी जागेवर हजर असला म्हणजे झालं.

म्हणून चैत्रातल्या एका संध्याकाळी मांडवीच्या वाळूवर एक टेबल, एक खुर्ची, शाईची गादी आणि शिक्का घेऊन साळवी बसले, आणि शेजारी गनी उभा राहिला. काजूगर चघळत दोनएकशे माणसं जमली होती. पुढच्या रांगेत हफीजा होती, तिच्या बाजूला चिमा होती, आणि दाखला मिळालेली बकरीही होती.

गनीने एक लांब सूर लावला, थांबला, आणि चिठ्ठी लिहिली, ‘आता वर जातो.’ साळव्यांनी वाचली. ठप्प. गनी वर गेला. पुन्हा थांबला, ‘जरा मागे फिरतो.’ ठप्प. गनी मागे फिरला. लोक आधी एकमेकांकडे बघू लागले. पण पाचव्या-सहाव्या ठप्पाला त्यांना गंमत वाटायला लागली आणि मागची माणसं पुढे सरकली.

मग गनीने चिठ्ठ्या सोडल्या. तो नुसती भुवई उचलायचा आणि साळवी शिक्का मारायचे. एकदा हात चुकून शिक्का दोनदा पडला, ठप्प-ठप्प. गनीने तो लगेच उचलला आणि सुरातून दोनदा परत केला. साळव्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तीनदा मारला, आणि हे चुकून झालं नाही. गनीने तीन उड्या मारल्या. आता शिक्का पुढे आणि क्लॅरिओनेट मागे, तर मधेच क्लॅरिओनेट पुढे आणि शिक्का मागे, अशी पळापळ सुरू झाली. कागद वाऱ्यावर उडाले तसे साळवी टेबलावर शिक्के मारू लागले, मग खुर्चीवर, स्वतःच्या बाहीवर, रघू काजूवाल्याच्या टोपलीवर. त्यांची टोपी कानावर आली होती आणि ते मोठ्याने हसत होते. बकरी दोर तोडून टेबलावर चढली, तिच्या पाठीवरही मंजुरी उमटली. आणि भलत्याच जागी, ऐन भरात, गनी थांबला. साळव्यांचा हात वरच राहिला. मग शिक्का अगदी हळू खाली आला, ठप.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गनीने शेवटच्या सुराला निखळलेले दोन्ही दात ओंजळीत घेतले आणि वाकून सलाम केला. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्या तोंडाने दोन्ही सारखंच दिसत होतं.

चौकशी अर्थातच झाली. गनी निर्दोष सुटला. प्रत्येक लहरीवर शिक्का असल्याने त्याची एकही लहर त्याची स्वतःची धरता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. यादीत लहरी अकरा असताना शिक्के चौऱ्याण्णव कसे, असं साळव्यांना विचारण्यात आलं. त्यांनी खुलाशात दोनच शब्द लिहिले, ‘मनाला आलं.’ त्यांची बढती थांबली आणि शिक्का काढून घेण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेअकराला चहा घेतला.

राहिल्या टाळ्या. टाळ्यांचा परवाना कोणीच घेतला नव्हता. तेव्हा नव्या अव्वल कारकुनाने हजर असलेल्या प्रत्येकाकडे फॉर्म पाठवला, ‘टाळी स्वतःच्या लहरीने वाजवली, की शेजारच्याने वाजवली म्हणून?’ स्वतःच्या लहरीने वाजवणाऱ्याला कचेरीत हजर राहायचं होतं. दोनशे सात फॉर्म आले. दोनशे सात जणांनी शेजारच्याने वाजवली म्हणून वाजवली होती. पहिली टाळी कोणीच वाजवलेली नसल्यामुळे टाळ्या झाल्याच नाहीत, असं ठरवून फाईल बंद करण्यात आली.

गनीने हफीजाला विचारलं की तू काय लिवलंस? ती चुलीपाशी त्याच्यासाठी पेज ढवळत होती.

“बाजूला चिमा होती. तिनां वाजवली, म्हणून लिवलां.”

सलामाला वाकायच्या आधी गनीने पुढच्या रांगेत पाहिलं होतं. सगळ्यांत पहिले वर गेलेले हात हफीजाचेच होते.

“पैली टाळी तुजी होती,” तो म्हणाला.

“मग काय लिवू?” हफीजा म्हणाली. “खरां?”

त्याने बशी पुढे केली.

ते फॉर्म थोडे जास्तच छापले गेले होते आणि अजून कपाटात आहेत. हे वाचताना तुम्हाला कुठे हसू आलं असेल, तर एखादा तुमच्याही पत्त्यावर येईल. तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, त्याचं नाव तेवढं आठवून ठेवा.