निशाच्या खिडकीचे पाच फूट

धम्मपालचे पाच फूट गेले हे रविवारी सकाळी कळलं. पैठण रोडवरच्या त्याच्या प्लॉटवर इंजिनीअर मेघा मॅडम चुन्याच्या फक्कीने घराची आखणी करत होत्या. पांढरी रेघ कुंपणाला चिकटून जाईल म्हणून सगळे बघत होते, आणि ती चांगली पाच फूट आत सरकली.

"मॅडम, रेघ चुकली जणू," वैजापूरहून आलेली धम्मपालची मोठी बहीण चंपाअक्का म्हणाली.

"चुकली नाही. बाजूला पाच फूट मोकळं सोडावंच लागतं. नियम आहे."

"मग हे पाच फूट कुनाचे?"

"तुमचेच."

"मग?"

"त्यावर बांधायचं नाही."

"म्हंजी भाकर माझीच, पर खायची नाय," अक्का म्हणाली आणि तिने बन्सीमामांकडे पाहिलं. देवगाव रंगारीहून आलेल्या मामांनी मान हलवली. त्यांनाही हा अन्याय पटला होता.

प्लॉट घेतला तेव्हा धम्मपालची बायको निशा होती. चितेगावच्या कंपनीतून तो सुटला की दोघे स्कूटरवर इथे येत. मोकळ्या जागेत उभी राहून ती सांगे, इथे ओटा, इथे खिडकी, भाकरी थापता थापता रस्त्यावर कोण आलं ते मला दिसलं पाहिजे. गेल्या पावसाळ्यात ती गेली. बाकी घर कसंही होऊ द्या, ओट्यापाशी उभं राहून रस्ता दिसला पाहिजे, एवढंच त्याने मॅडमना सांगितलं होतं.

"उद्या सकाळी जेसीबी येईल. रेघांना हात लावू नका," असं बजावून मॅडम दुसऱ्या साइटवर गेल्या.

त्या गेल्याबरोबर सगळे घरात राहायला आले. अक्काने दाराच्या रेघेबाहेर चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या चौकोनात स्टोव्ह मांडला आणि चहा ठेवला. वास आला तसे मामा सरळ हॉलमधून चालत निघाले.

"मामा, भिंतीतून काय येता? दार तिकडं हाय."

मामा निमूटपणे मागे फिरले आणि दारातून आले. चहा पिऊन ते बेडरूममध्ये आडवे झाले आणि लगेच उठून बसले.

"अक्के, माझे पाय मोरीत चाललेत."

"तुमचे पाय मोरीत, अन् मला इथं वळता बी येईना. एवढ्याशा जागेत निशाचा ओटा बसंल कसा?" अक्का उठली. फक्कीची अर्धी गोणी तिथेच होती. तिने कुंपणाला लागून नवी रेघ ओढली आणि जुनी पायाने पुसली. स्वयंपाकघर पाच फुटांनी वाढलं. पण आता खांबासाठी आखलेला एक चौकोन बरोबर त्याच्या मधोमध आला.

"हा काढा," म्हणत मामांनी खांब पुसला आणि कुंपणाजवळ दुसरा चौकोन काढला. मग त्यांना जिना दिसला. "तीन फुटांचा जिना कशाला? मानूस काय आडवा चढतो?"

जिना दोन फुटांचा झाला. उरलेला फूट मोरीला गेला, तर मोरीची खिडकी जिन्यात उघडू लागली. म्हणून मोरी मागे नेली. मग बेडरूम पुढे आली, आणि तिच्यासोबत तिचे खांबही. पुसलेली फक्की नुसती पसरत होती, जात नव्हती. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे पाय आपापल्या खोलीत मावले. धम्मपाल मोठ्या स्वयंपाकघरात उभा राहून हसला. किती महिन्यांनी हसला म्हणून कोणी त्याला नियमाची आठवण करून दिली नाही.

सोमवारी जेसीबीवाला कडुबा भल्या सकाळी, सगळ्यांच्या आधी आला. धम्मपाल सुट्टी टाकून अक्का आणि मामांना घेऊन पोचला, तेव्हा प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"कडुबा, लेका, किती खड्डे घेतले हे?" मामा ओरडले.

"फक्कीचा चौकोन दिसला की खड्डा घ्यायचा. पुसट होते तेबी घेतले, उगं तक्रार नको," कडुबा म्हणाला. "मला वाटलं, अपार्टमेंट हाय."

मेघा मॅडम आल्या. त्यांनी एकेक खड्डा पाहिला.

"कुंपणाजवळ खांब कोणी आखले?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी जेसीबीकडे पाहिलं.

"दोन-चार खांब इकडचे तिकडं केले, मॅडम. त्यानं काय होतं? आपल्याकडं कुठं भूकंप होतो?"

"किल्लारीच्या लोकांनाही तसंच वाटत होतं, मामा."

मामांना ती पहाट आठवत होती.

एवढ्यात शेजारच्या प्लॉटवाला रामकिसन दात घासत कुंपणापाशी आला. "अक्का, भिंत इथवर आनता व्हय? आना की. मंग आमीबी आनतो. भिंतीला भिंत लावून टाकू."

"अन् आमची खिडकी?" धम्मपालने विचारलं.

"उघडली की माझी भिंत दिसंल. रंग कंचा देऊ, तेवढं सांगून ठेवा."

कडुबाने जेसीबी बंद केला. मॅडम म्हणाल्या, "तुमचे पाच आणि यांचे पाच. रस्त्यापर्यंत सलग दहा फूट मोकळे राहतात. तिथे कोणालाच बांधता येत नाही, म्हणून तर खिडकीला उजेड मिळतो."

धम्मपाल खड्डे चुकवत मॅडमच्या मूळ रेघेपाशी जाऊन उभा राहिला. त्याने मान जराशी डावीकडे वळवली. रस्त्यावरून दूधवाला चालला होता. सायकल, किटल्या, सगळा दिसला.

"अक्का, इथून दिसतंय," तो म्हणाला. "लई चांगलं दिसतंय."

अक्काने खराटा उचलला आणि कुंपणाजवळची आपली रेघ झाडून टाकली. मामांनी पिशवी तिथे टेकवली, तशी ती ओरडली, "मामा, उचला ती. निशाची जागा हाय." दोन दिवसांनी रामकिसनने आपल्या पाच फुटांत विटा उतरवल्या, तेव्हाही ती कुंपणावरून म्हणाली, "भाऊ, नियम बगा की वो जरा."

खड्डे बुजवताना मॅडमनी नकाशा उघडला. "ओट्याची उंची किती ठेवू?"

"नियमात काय हाय?" अक्काने विचारलं. आता तिचा नियमांवर विश्वास बसला होता.

"याला नियम नाही. स्वयंपाक करणाऱ्याच्या उंचीप्रमाणे ठेवतात."

धम्मपालने हवेत हात धरला, निशा ओट्याची उंची दाखवताना धरायची तिथे. मग तो स्वतःच्या कमरेपर्यंत वर नेला, कारण भाकरी आता तोच करतो. थोड्या वेळाने पुन्हा खाली आणला.

पाया भरून झाला. भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. ओट्याची उंची अजून ठरलेली नाही.